संशोधनाच्या वाङ्मयातील बिननावाची बाई

दलित समीक्षेने प्रस्थापित वाङ्मयाला एक साधा प्रश्न विचारला : ह्यात बोलतो कोण, आणि बोलतो ते कुणाविषयी? ह्या एका प्रश्नाने मराठी साहित्याची अनेक देवळे हादरली. परंतु हाच प्रश्न विज्ञानाविषयीच्या लेखनाला विचारावयाची वेळ आली की आपण बिचकतो. विज्ञान म्हटले की आपले हात जोडले जातात. त्याला कारण आहे. पोथी आणि पुरोहित ह्यांच्याशी लढताना आपल्याला विज्ञानाचा आधार वाटला, आणि तो आधार खरा आहे. तो सोडा असे मी म्हणणार नाही. परंतु विज्ञान ही एक गोष्ट आहे आणि विज्ञानाची सांगितली जाणारी कहाणी ही दुसरी. कहाणीत नायक असतात, गौण पात्रे असतात. आणि काही माणसे अशी असतात की ती पात्रेही नसतात, नुसता कच्चा माल असतात. ह्या तिसऱ्या प्रकारच्या माणसांकडे पाहणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे, असे मला वाटते.

मी येथे कर्करोगाच्या संशोधनाचे वाङ्मय विचारात घेत आहे. तीन पुस्तके आणि एक संशोधनलेख. पुस्तके अमेरिकेत लिहिली गेली. संशोधनलेख अमेरिकेत छापला गेला, पण तो ज्यांच्या शरीरावर उभा आहे त्या बाया आपल्या मराठवाड्यातल्या आहेत.

वाचनाला मोजमाप हवे. ते मी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींतून घेतो. त्यात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केल्यावर तो आला, पण वस्तीच्या बाहेर उभा राहिला आणि रोग्याला तेथे आणावयास लावले. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने पारा पाहिला, न्यूमोनिया आहे म्हणाला, औषध पाठवले. पुन्हा आला नाही. बाई मेली. ह्या प्रसंगात विज्ञान हजर होते. थर्मामीटर खरा होता, पारा खरा होता, निदानही खरे असेल. नव्हता तो हात. रोग्याकडून आकडा मिळाला, पण रोग्याला माणूस मिळाला नाही. माझे मोजमाप एवढेच : शरीराकडून जे घेतले, ते त्या शरीराकडे कोणत्या रूपाने परत आले?

पहिले पुस्तक सिद्धार्थ मुखर्जी ह्यांचे 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज'. २०१० मध्ये निघाले, २०११ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखक स्वतः कर्करोगाचा डॉक्टर आहे आणि पुस्तकाला तो कर्करोगाचे चरित्र म्हणतो. पुस्तक मोठ्या ताकदीचे आहे. परंतु चरित्रनायक म्हणून रोगालाच सिंहासनावर बसवले की समोर सेनापती लागतात. ह्या पुस्तकात लढाया आहेत, मोहिमा आहेत, तह आहेत, आणि सेनापती बहुधा पांढरा कोट घातलेले पुरुष आहेत. १९४७-४८ च्या सुमारास बोस्टनच्या सिडनी फार्बरने रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या लहान मुलांवर जे औषध वापरले, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्या आंध्रातून गेलेल्या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेतून आले होते. मुखर्जी सुब्बारावांचे ऋण मान्य करतात, हे नोंदवले पाहिजे. तरी कहाणी फार्बरचीच राहते.

ह्या पुस्तकातला एक भाग मात्र आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावा. स्तनाच्या कर्करोगावर विल्यम हॉल्स्टेड ह्या शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकीत. जितके जास्त कापावे तितका रोग मुळापासून जाईल, असा समज. ह्या समजाला पुरावा नव्हता, अधिकार होता. सुमारे पाऊणशे वर्षे बायांचे खांदे वाकले, हात सुजले, आणि कुणी विचारले नाही. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशरने अमेरिका आणि कॅनडातल्या सतराशेहून अधिक बायांवर तुलनात्मक चाचणी सुरू केली आणि अखेर सिद्ध झाले की एवढे कापल्याने आयुष्य वाढत नाही. ही चाचणी सहजासहजी उभी राहिली नाही. बडे शल्यविशारद आपले रोगी द्यावयास राजी नव्हते. ती शक्य झाली त्याचे एक कारण मुखर्जी सांगतात ते असे की त्या काळात स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून आलेल्या बायांनी ही शस्त्रक्रिया नाकारावयास सुरुवात केली होती.

'नकार' हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्या साहित्याची सुरुवातच नकाराने झाली. परंतु नकार ही नुसती भावना नाही, ज्ञान निर्माण करणारी ती शक्ती आहे, हे येथे विज्ञानाच्याच इतिहासातून सिद्ध होते. कापून घेणाऱ्या बाईने 'का?' विचारले तेव्हा कापणाऱ्याला पुरावा शोधावा लागला. चांगला उपचार केवळ प्रयोगशाळेतून येत नाही. तो रोग्याच्या प्रश्नातूनही येतो.

हा नकार आतून कसा दिसतो ते ऑड्रे लॉर्ड ह्या कृष्णवर्णी कवयित्रीच्या 'द कॅन्सर जर्नल्स' ह्या १९८० च्या छोट्या पुस्तकात आहे. १९७८ मध्ये तिचा एक स्तन काढला. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत ती तपासणीला गेली. छातीवर कृत्रिम स्तन लावला नव्हता. तेथल्या परिचारिकेने तिला सुनावले की असे येणे बरे नव्हे, त्याने दवाखान्यातल्या इतरांचे मनोबल खचते. लॉर्डने ह्या एका वाक्यावर अख्खी समाजव्यवस्था तपासली. इस्रायलचा सेनापती मोशे दायान फुटक्या डोळ्यावर पट्टी बांधून हिंडतो, तर त्याला कुणी काचेचा डोळा लाव म्हणत नाही, उलट वीर म्हणतात. मग बाईने आपली जखम का लपवावी? जखम लपवली की त्याच जखमेच्या इतर बाया एकमेकींना ओळखणार कशा? लॉर्ड कर्करोगाला नशीब मानीत नाही. अन्नातली रसायने, धंदेवाईक वैद्यक, काळ्या बाईच्या शरीराची किंमत, ह्या सगळ्यांचा हिशोब ती मागते. १९९२ मध्ये ती कर्करोगानेच वारली. तिच्या पुस्तकाने कुणाचा जीव वाचवला नसेल. पण रोगी आणि लेखक ह्या दोन जागा तिने एकाच शरीरात आणल्या. ह्या अर्थाने तिचे पुस्तक आपल्या आत्मकथनांच्या सख्ख्या भावकीतले आहे.

तिसरे पुस्तक रिबेका स्क्लूट ह्यांचे 'द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स', तेही २०१० चे. हेन्रिएटा लॅक्स ही व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबत वाढलेली काळी बाई. १९५१ च्या आरंभी ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या वॉर्डात दाखल झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. रेडियमचा उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढून घेतला. तिला विचारले नाही. त्या काळी विचारण्याची पद्धतच नव्हती, असे सांगतात. जॉर्ज गाय ह्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत त्या पेशी मेल्या नाहीत, वाढत राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, हेन्रिएटा मेली आणि गावाकडे खुणेचा दगडही नसलेल्या थडग्यात पुरली गेली. तिच्या पेशी 'हेला' ह्या नावाने जगभर गेल्या. पोलिओच्या लशीची परीक्षा करण्यासाठी त्या टस्कीगी येथे मोठ्या प्रमाणावर वाढवल्या गेल्या. आणि त्याच टस्कीगीच्या नावाने १९३२ ते १९७२ पर्यंत शेकडो काळ्या पुरुषांचा उपदंश उपचाराविना 'अभ्यासला' जात होता. हेन्रिएटाच्या घरच्यांना पेशींची बातमी लागली ती १९७३ च्या सुमारास. पेशी विकल्या जात होत्या आणि मुलांकडे आजारपणाचा विमा नव्हता. एका मोठ्या कंपनीशी वारसांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये.

स्क्लूटचे पुस्तक कोठे जमते आणि कोठे अडते? हेन्रिएटाची मुलगी डेबोरा आणि इतर नातलग जेथे आपल्या बोलीत बोलतात तेथे ते जमते. लेखिकेने ती बोली शुद्ध करून घेतलेली नाही. आपल्या आत्मकथनांच्या भाषेवर नाक मुरडणाऱ्यांना ह्यातला फरक कळावा : बोली पुसली की माणूस पुसला जातो. पुस्तक अडते ते शेवटी. वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. मालकी कुणाची, हा प्रश्न हळहळीत विरघळतो. करुणा हा प्रस्थापित वाचकाचा आवडता रस आहे. ती वाटताना त्याच्या खिशातले काही जात नाही.

ह्या बाईच्या पेशींपासून आपल्या दारापर्यंत एक सरळ वाट येते. गर्भाशयमुखाचा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो हे जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउसेन ह्यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये दाखवले. त्या विषाणूचा एक घातक प्रकार हेन्रिएटाच्या पेशींतही सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्याच शोधातून विषाणूची चाचणी निघाली, लस निघाली. आणि ती चाचणी घेऊन संशोधक उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवला, आले.

आता चौथी संहिता. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हा लेख छापून आला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांचे हे काम. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बाया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटाची विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पेशींची, म्हणजे पॅप चाचणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. तपासणी कोठे मिळते एवढे त्या बायांना सांगण्यात आले. आठ वर्षांनंतर हिशोब निघाला. विषाणूच्या चाचणीच्या गटात ३४,१२६ बाया होत्या. त्यांतल्या ३४ ह्या कर्करोगाने मेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बाया होत्या. त्यांतल्या ६४ मेल्या. एकदाच केलेल्या एका चाचणीने मरण निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगर ह्या दोन्ही गटांत मात्र मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही.

हा निष्कर्ष मोठा आहे, आणि तो मोठा आहे हे मी मोकळेपणी म्हणतो. श्रीमंत देशांत चालते ते जसेच्या तसे आपल्या खेड्यात चालेलच असे नाही, हे त्याने सिद्ध केले. जगभरच्या गरीब बायांच्या तपासणीचे धोरण ठरताना हा पुरावा मोलाचा ठरला. संशोधकांनी गावोगाव जाऊन कष्ट घेतले. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली होती, आणि खेड्यातल्या बाईचा कर्करोग कागदावर तरी येऊ लागला तो तेथून. हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल.

परंतु संहिता म्हणून हा लेख वाचताना एका शब्दापाशी मी थांबतो. चौथ्या गटाला काय मिळाले? 'नेहमीची सेवा'. नेहमीची म्हणजे कोणती? उस्मानाबादच्या शेतमजूर बाईसाठी ह्या रोगाची नेहमीची तपासणी म्हणजे काहीच नाही. बोस्टनच्या बाईसाठी नेहमीची सेवा म्हणजे पॅप चाचणी. ती तेथे कित्येक दशके रुळलेली होती. म्हणून तपासणीविना गट ठेवणारी अशी चाचणी बोस्टनमध्ये करता आली नसती. ती येथे करता आली, कारण येथे आधीपासून काही नव्हते. अभावालाच येथे प्रमाण मानले गेले. आपल्या भाषेत अशा प्रमाणाला शब्द आहे : रूढी. जे चालत आले ते योग्य, ह्या तत्त्वाविरुद्ध आपण दोन पिढ्या लढलो. ते तत्त्व पांढरा कोट घालून आले म्हणून ओळखू येऊ नये काय?

संशोधकांचा युक्तिवाद असा की देशात तपासणीची योजनाच नव्हती. चाचणी झाली नसती तरी त्या बायांना काही मिळणार नव्हते, आम्ही त्यांच्याकडून काही काढून घेतले नाही. युक्तिवाद खोटा नाही, अपुरा आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून आणि तामिळनाडूतल्या दिंडिगल येथे २००० पासून अशाच चाचण्या झाल्या. तिन्ही ठिकाणी मिळून तपासणीविना ठेवलेल्या बाया १ लाख ३८ हजार ६२४. त्यांतल्या किमान २५४ बाया ह्या रोगाने मेल्या, असे एरिक सुबा ह्या अमेरिकन डॉक्टरने २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये मांडले आणि वाद पेटला. ह्या वादात डॉक्टर बोलले, नीतिशास्त्रज्ञ बोलले, पत्रकार बोलले. माझ्या वाचनात त्या गटातल्या एकाही बाईचे म्हणणे आले नाही. नाव गुप्त ठेवणे हा रोग्याचा हक्क आहे. पण नाव गुप्त ठेवणे आणि आवाज नसणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

संमतीची कथाही अशीच. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत ह्याच विषाणूविरुद्धची लस मुलींना टोचण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या, हे पुढे चौकशीत उघड झाले आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कोरडे ओढले. काही मुलींचे मृत्यू झाले होते. त्यांचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लस उपयोगी आहे. म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो : चांगली वस्तू देतानासुद्धा आमच्या आईबापांना विचारावेसे का वाटत नाही?

आता माझे मोजमाप लावतो. घेतलेले परत आले काय? मुंबईच्या चाचणीत चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या स्वस्त द्रावाने तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ मध्ये जाहीर झाले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी असे मार्गदर्शन काढले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या किती बायांची आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाली होती? शंभरात दोनही नाहीत, १.९ टक्के. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ह्या रोगाच्या भारतातल्या नव्या रोगी सुमारे १ लाख २७ हजार आणि मृत्यू सुमारे ८० हजार. मराठवाड्याच्या बायांनी जगाला पुरावा दिला. जगाने तो वापरला. थर्मामीटर आला त्याच वाटेने परत गेला.

ज्ञान आले नाही, पण भीती आली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल' असे सांगितले की ती उचल घेऊन शस्त्रक्रिया करून घेते. पाळीचे दिवस गेले म्हणजे खाडा नाही, खाडा नाही म्हणजे मुकादमाचा दंड नाही. शेजारच्याच जिल्ह्यात एका चाचणीने कोणाला धोका आहे हे सांगता येते असे सिद्ध होऊन दहा वर्षे झाली होती. त्या चाचणीऐवजी तिच्या वाट्याला सुरी आली. हॉल्स्टेडची सुरी अमेरिकेत बायांच्या नकाराने थांबली. ऊसतोड बाईने नकार द्यावा तर तिच्या मागे कोण उभे आहे?

रोग्याची शुश्रूषा हा संशोधनाचाच भाग आहे, हेही आपण मागितले पाहिजे. परळच्या रुग्णालयाभोवतीच्या फुटपाथवर खेड्यापाड्यांतून आलेले रोगी आणि त्यांची माणसे वर्षानुवर्षे पथाऱ्या टाकत आली आहेत. औषध कितीही नवे असो, फुटपाथवर राहून ते पुरे करता येत नाही. उपचार अर्धा सोडून माणसे गावी परततात. गाडगेबाबांनी हे ओळखले होते. त्यांनी देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेच्या स्वाधीन केली, आणि त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांना आसरा देत आली आहे. मुखर्जींच्या जाडजूड चरित्रात अशा खोलीला, अशा ताटाला जागा नाही. माझ्या मते उपचाराच्या इतिहासात तिला औषधाच्या बरोबरीची जागा आहे.

दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. त्या पक्षाने त्याच सुमारास वस्त्यावस्त्यांत मोफत दवाखाने काढले आणि काळ्यांमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल आजाराची तपासणी दारोदार नेली. त्यांच्या कवितेवर आणि बंदुकीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. दवाखान्यांवर जवळजवळ काहीच नाही. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आता हा दुवा उचलावा. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात गर्भाशयमुखाची तपासणी होते काय, कोणत्या दिवशी होते, कोण करते, दोष निघाला तर पुढे कोठे पाठवतात, हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि लेखी उत्तर घ्यावे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या ५२ आरोग्यकेंद्रांच्या गावांत जाऊन बायांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे : कोण आले होते, काय सांगितले, काय समजले, नंतर कोण फिरकले. त्यांतल्या पुष्कळ जणी आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या असतील. हे काम लांबवण्यासारखे नाही.